परराज्यात वेगमर्यादेचे ई-चलान झाले तर काय करावे : सातारा-सांगलीच्या वाहनधारकांसाठी मार्गदर्शन

म्हैसाळ मागे टाकून कागवाडकडे निघालेली किंवा कागलनंतर दूधगंगेचा पूल ओलांडून कोगनोळीच्या टोलनाक्याकडे निघालेली गाडी काही मिनिटांत दुसऱ्या राज्यात जाते. आपल्याकडील लोकांना ही सीमा परकी वाटत नाही. चिंचलीच्या मायाक्काला आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारे भाविक, जतहून विजापूरला कामासाठी जाणारे शेतकरी आणि व्यापारी, चोर्ल्याच्या घाटातून किंवा आंबोली-बांदामार्गे गोव्याला जाणारी कुटुंबे, आणि खानापूर-आटपाडी भागातून गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायासाठी दक्षिणेत स्थायिक झालेली, सणासुदीला गाडीने गावी येणारी माणसे, या सगळ्यांची चाके वर्षभर परराज्यातील रस्त्यांवर असतात. त्यामुळे घरी परतल्यानंतर काही दिवसांनी मोबाईलवर वेगमर्यादा ओलांडल्याचा संदेश येणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. असे चलान पहिल्यांदाच आलेल्या वाहनधारकाने कोणत्या क्रमाने काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘दुसऱ्या राज्याचा दंड आपल्याकडे कोण वसूल करणार’ असे पुष्कळ जण मानतात आणि चलान तसेच पडू देतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा केंद्राचा कायदा असून तो देशभर लागू आहे. वाहन नोंदणीची माहिती ‘वाहन’ आणि लायसन्सची माहिती ‘सारथी’ या राष्ट्रीय प्रणालींत साठवलेली असते, त्यामुळे बेळगाव जिल्ह्यातील कॅमेऱ्याने टिपलेली एमएच १०, एमएच ११ किंवा एमएच ५० क्रमांकाची गाडी कोणाच्या नावावर आहे हे तेथील पोलिसांना लगेच समजते. थकलेल्या चलानामुळे पुढे मालकी हस्तांतरण, ना-हरकत प्रमाणपत्र, फिटनेस किंवा परमिट यांसारखी आरटीओतील कामे अडकू शकतात, आणि ते बहुधा गाडीचे गिऱ्हाईक दारात उभे असतानाच लक्षात येते.

रस्त्यावरच थांबवले असल्यास

इंटरसेप्टर वाहनातील किंवा स्पीडगन घेतलेल्या पोलिसांनी हात दाखवल्यास गाडी सुरक्षित ठिकाणी डावीकडे घेऊन थांबवावी. गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यावर लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी दाखवणे बंधनकारक आहे. ही कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमध्ये असली तरी केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ती ग्राह्य धरावी लागतात. मोबाईलमध्ये काढून ठेवलेला साधा फोटो मात्र याच्या बरोबरीचा नसतो, हे निघण्यापूर्वीच ध्यानात ठेवावे.

त्यानंतर नम्रपणे तीन गोष्टी विचाराव्यात: यंत्रावर नोंदलेला वेग किती आहे, त्या ठिकाणची मर्यादा किती आहे आणि चलान कोणत्या कलमाखाली केले जात आहे. भाषेची अडचण आल्यास यंत्रावरील आकडा दाखवण्याची विनंती करावी. सीमाभागात मराठी समजणारे कर्मचारी पुष्कळदा भेटतात, आणि हिंदीतही काम भागते. आपल्याकडून चूक झाली आहे असे पटल्यास दंड जागेवर भरता येतो, परंतु त्याची छापील किंवा डिजिटल पावती घेतल्याशिवाय तेथून निघू नये. पावतीविना दिलेल्या पैशाची कोठेही नोंद होत नाही, आणि त्याच घटनेचे चलान नंतर ऑनलाइन आले तर हातात दाखवायला काही उरत नाही. जागेवर पैसे भरायचे नसतील तर चलान ऑनलाइन करावे, आपण नंतर निर्णय घेऊ, असे सांगावे. हुज्जत घालू नये आणि थांबवूनही निघून जाऊ नये, कारण त्यातून वेगमर्यादेच्या साध्या प्रकरणाला नवी कलमे जोडली जातात.

लायसन्स जप्त करण्याचा प्रसंग आल्यास विशेष काळजी घ्यावी लागते, आणि याविषयी फार थोड्या लोकांना माहिती असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २०६ च्या पोटकलम (४) नुसार वेगमर्यादेसह काही ठरावीक गुन्ह्यांत पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन ते परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवू शकतात. त्या वेळी तात्पुरती पोच मिळते, परंतु या पोटकलमाखालील पोच म्हणजे गाडी चालवण्याची परवानगी नव्हे. पोटकलम (३) खालील पोचीवर मात्र लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा पोचीवर लिहिलेल्या तारखेपर्यंत गाडी चालवता येते. म्हणून पोचीवर कोणते पोटकलम लिहिले आहे ते तेथेच वाचावे, आणि ते (४) असेल तर परतीच्या प्रवासात सोबतच्या दुसऱ्या लायसन्सधारकाकडे गाडी द्यावी.

घरी संदेश आला असल्यास : आधी खरे-खोटे तपासावे

ई-चलानाच्या नावाने फसवणूक करणाऱ्या टोळ्यांनी अलीकडे उच्छाद मांडला आहे. व्हॉट्सॲपवर ‘आपल्या गाडीचे चलान झाले आहे’ असा मजकूर, सरकारी दिसणारे बोधचिन्ह आणि सोबत एक एपीके फाईल येते. ती फाईल मोबाईलमध्ये उघडून बसवली की बँकेचे ओटीपी परस्पर तिकडे जातात आणि खाते रिकामे होते. पोलीस किंवा परिवहन खाते चलान पाहण्यासाठी कोणालाही एपीके फाईल पाठवत नाही. म्हणून संदेश कितीही खरा वाटला तरी त्यातील लिंकला हात लावू नये आणि आलेल्या क्रमांकावर उलट फोनही करू नये.

खात्री करण्याचा मार्ग सोपा आहे. ब्राउझरमध्ये परिवहन खात्याच्या ई-चलान संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाकावा आणि त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा असल्याचे पाहावे. तेथे चलान क्रमांक, वाहन क्रमांक किंवा लायसन्स क्रमांक यांपैकी काहीही देऊन शोध घेता येतो. वाहन क्रमांकाने शोधताना चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे पाच अंक विचारले जातात, ते आरसीवर असतात. गोव्यातील चलान या केंद्रीय संकेतस्थळावर दिसते. काही राज्यांच्या पोलिसांनी आपापल्या स्वतंत्र प्रणाली उभ्या केल्या आहेत; कर्नाटकात राज्य पोलिसांचे संकेतस्थळ, बंगळूर वाहतूक पोलिसांची व्यवस्था आणि ‘कर्नाटक वन’ सेवा आहे, तेलंगणातही पोलिसांचे वेगळे ई-चलान संकेतस्थळ आहे. त्यामुळे केंद्रीय संकेतस्थळावर काही दिसले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. ज्या राज्यात प्रवास झाला त्या राज्याच्या पोलिसांचे अधिकृत संकेतस्थळही पाहावे.

फसवणुकीच्या लिंकवर चुकून माहिती भरली गेली असेल तर राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीच्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे. अशा वेळी काही मिनिटांचा उशीरही महागात पडतो, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फार वेगाने फिरवला जातो.

चलान शांतपणे वाचावे

चलान खरे आहे असे ठरल्यावर पैसे भरण्याची घाई करू नये. पैसे भरणे म्हणजे गुन्हा मान्य करून तडजोड करणे होय, आणि एकदा ती झाली की नंतर हरकत घेण्यास वाव उरत नाही. म्हणून आधी छायाचित्र मोठे करून पाहावे. नंबरप्लेटवरील प्रत्येक अक्षर आणि अंक आपलाच आहे का, गाडीची कंपनी, मॉडेल आणि रंग जुळतो का, तारीख आणि वेळ आपल्या प्रवासाशी बसते का, हे एकेक करून तपासावे. त्यानंतर नोंदलेला वेग, त्या ठिकाणची मर्यादा, कलम आणि दंडाची रक्कम पाहावी.

कॅमेऱ्याने केलेल्या चलानात काय असले पाहिजे हे केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ मध्ये सांगितलेले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या या नियमानुसार गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दाखवणारे छायाचित्र, यंत्राने नोंदलेले मोजमाप, घटनेची तारीख, वेळ व ठिकाण, कायद्यातील संबंधित तरतूद आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र या बाबी आवश्यक आहेत. यंत्राला राज्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचे मान्यता प्रमाणपत्र असले पाहिजे, त्याचे दरवर्षी नूतनीकरण झाले पाहिजे आणि कॅमेरे असलेल्या पट्ट्यापूर्वी वाहनचालकांना सूचना देणारे फलक ठळकपणे लावले पाहिजेत, असेही हा नियम सांगतो. हरकत घ्यायची वेळ आली तर हीच यादी उपयोगी पडते.

वेगमर्यादेचा गुन्हा कलम १८३ मध्ये येतो. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार हलक्या वाहनासाठी १००० ते २००० रुपये आणि मध्यम किंवा अवजड माल व प्रवासी वाहनासाठी २००० ते ४००० रुपये अशी दंडाची चौकट आहे. तडजोडीची प्रत्यक्ष रक्कम मात्र कलम २०० खाली प्रत्येक राज्य अधिसूचनेने ठरवते. म्हणून महाराष्ट्रातील रक्कम आठवून ‘जास्त लावली’ किंवा ‘कमी लावली’ असा निष्कर्ष काढू नये.

मर्यादेच्या बाबतीतही असाच घोळ होतो. कार, नऊपेक्षा जास्त आसनांचे प्रवासी वाहन, ट्रक आणि मोटारसायकल यांच्या मर्यादा एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या असू शकतात. शिवाय घाट, वस्ती, पूल किंवा अपघातप्रवण जागी राज्य सरकार फलक लावून मर्यादा आणखी खाली आणू शकते. मोकळ्या चौपदरी रस्त्याची सवय झालेला पाय वस्तीच्या पट्ट्यात ॲक्सिलरेटरवरून वेळेत निघत नाही, आणि बहुतेक चलाने तेथेच होतात असे माझे मत आहे. अशा पट्ट्यांतच पायी रस्ता ओलांडणारी माणसे आणि शाळेची मुले असतात, त्यामुळे ती मर्यादा पैसे गोळा करण्यासाठी लावली आहे असे मनात धरणे योग्य नाही.

एक बाब गंभीरपणे घ्यावी. कर्नाटक पोलिसांनी ऑगस्ट २०२४ पासून ताशी १३० किलोमीटरपेक्षा जास्त वेग आढळल्यास बेदरकार वाहन चालवल्याबद्दल एफआयआर दाखल करण्याचे धोरण स्वीकारले आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये अशा गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. चलानाऐवजी किंवा चलानासोबत असे पत्र आले तर पुढील पायऱ्या बाजूला ठेवून त्या जिल्ह्यातील फौजदारी वकिलाचा सल्ला लगेच घ्यावा.

निर्णय : भरावे की हरकत घ्यावी

येथे वाहनधारकाने स्वतःशी प्रामाणिक राहणे महत्त्वाचे आहे. गाडी आपली होती, वेग खरोखर जास्त होता आणि छायाचित्र स्वच्छ आहे, तर दंड मुदतीत भरून प्रकरण संपवावे. पळवाट शोधण्यासाठी हुबळी किंवा धारवाडच्या न्यायालयाच्या फेऱ्या मारणे पैशाच्या दृष्टीने परवडत नाही आणि न्यायाच्या दृष्टीनेही शोभत नाही. परंतु गाडी आपली नसेल, त्या दिवशी ती गावातच उभी असेल किंवा नोंदलेला आकडाच अशक्य असेल, तर रक्कम लहान आहे म्हणून भरून मोकळे होऊ नये. खोटी नंबरप्लेट लावून फिरणाऱ्या गाडीचे पहिले चलान भरले की पुढचीही आपल्याच नावावर येत राहतात, आणि उद्या त्या गाडीने अपघात केला तर चौकशी आपल्या दारात येते.

दंड भरायचा असल्यास

अधिकृत संकेतस्थळावर चलान उघडून मोबाईलवर आलेल्या ओटीपीने पडताळणी करावी आणि यूपीआय, कार्ड किंवा नेट बँकिंगने रक्कम भरावी. भरल्यानंतर पावती डाउनलोड करावी आणि व्यवहार क्रमांकासह जपून ठेवावी. पैसे खात्यातून गेले पण चलान अजून ‘प्रलंबित’ दिसते, असे कधीकधी होते; त्या वेळी लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. संकेतस्थळावर अडकलेल्या व्यवहाराची पडताळणी करण्याची सोय असते, तिचा वापर करावा आणि दोन-तीन दिवस वाट पाहून मग तक्रार नोंदवावी.

भरण्याची मुदत चलानावर आणि संकेतस्थळावर दिलेली असते. मुदतीचे नियम केंद्र सरकारने वेळोवेळी बदलले असल्याने, शेजाऱ्याला गेल्या वर्षी किती दिवस मिळाले होते यावर विसंबू नये आणि आपल्या चलानावरील तारीखच प्रमाण मानावी. सवलतीची वाट पाहण्याचा मोहही टाळावा. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये थकित वाहतूक दंडावर ५० टक्के सवलत दिली होती हे खरे आहे, परंतु अशी सवलत केव्हा येईल याचा भरवसा नसतो आणि तोपर्यंत प्रकरण न्यायालयात जाऊ शकते. आपल्याकडे सांगली किंवा साताऱ्यात राष्ट्रीय लोकअदालत भरते तेव्हा महाराष्ट्रातील चलाने तडजोडीसाठी ठेवली जातात. परराज्यातील चलान मात्र त्या राज्याच्या यंत्रणेकडेच मिटवावे लागते.

हरकत घ्यायची असल्यास

पहिली पायरी ऑनलाइन तक्रारीची आहे. केंद्रीय ई-चलान संकेतस्थळावर तक्रार नोंदवण्याचा विभाग आहे, आणि स्वतंत्र प्रणाली असलेल्या राज्यांच्या पोलिसांकडेही अशी सोय असते. तक्रारीत चलान क्रमांक, वाहन क्रमांक आणि हरकतीचे कारण एवढेच चार-सहा वाक्यांत लिहावे. मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिणे व्यवहार्य ठरते, कारण तो वाचणारा अधिकारी मराठी जाणणारा असेलच असे नाही. रागाचा सूर टाळावा आणि पुरावा जोडावा. तक्रारीचा क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवावा.

पुरावा म्हणून काय जोडावे, याबाबत नवख्या माणसाची सर्वाधिक ओढाताण होते. गाडी तेथे नव्हतीच असे म्हणायचे असेल तर फास्टॅगचे विवरणपत्र फार मोलाचे असते. आनेवाडी, तासवडे किंवा किणीच्या टोलनाक्यावर आपली गाडी ज्या वेळी नोंदली गेली, त्याच सुमारास ती बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर असू शकत नाही, हे दोन कागद शेजारी ठेवले की कोणालाही पटते. ते नसेल तर गॅरेजचे बिल, सोसायटीच्या किंवा दुकानाच्या कॅमेऱ्याचे तारीख-वेळ असलेले चित्रण, पेट्रोल पंपाची पावती, यांपैकी जे असेल ते जोडावे. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, त्यामुळे संदेश आला त्याच दिवशी ते मागून घ्यावे. गाडीचे पुढून व मागून काढलेले सध्याचे फोटो जोडून, चलानातील गाडीच्या बंपरवर, काचेवर किंवा चाकांवर जो फरक दिसतो तो दाखवून द्यावा. नंबरप्लेटची नक्कल झाली आहे असा दाट संशय असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी आणि तीही सोबत जोडावी.

गाडी आपली आहे पण वेग मान्य नाही, असा वाद अधिक अवघड असतो. आपल्या स्पीडोमीटरचा काटा किती दाखवत होता हे सांगून काही साधत नाही. कायद्याचा एक आधार मात्र माहीत असावा. कलम १८३ च्या पोटकलम (३) नुसार केवळ एका साक्षीदाराच्या ‘गाडी वेगात होती’ या मतावर कोणालाही दोषी ठरवता येत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने केलेल्या मोजमापावर आधारलेले असल्याचे दाखवावे लागते. म्हणून चलानात वेगाचा आकडाच नसेल, छायाचित्रात एकापेक्षा जास्त गाड्या असून मोजमाप कोणत्या गाडीचे हे स्पष्ट नसेल, किंवा यंत्राच्या मान्यतेचा तपशील मागूनही मिळत नसेल, तर हरकतीला वजन येते. ‘फलक दिसला नाही’ एवढेच म्हणून चालत नाही. फलक तेथे नव्हता हे त्या पट्ट्याचे तारखेसह चित्रण करून दाखवता आले तर तो मुद्दा उभा राहतो.

प्रकरण न्यायालयात गेल्यास

तक्रार फेटाळली गेली किंवा मुदतीत काहीच केले नाही, तर चलान न्यायालयाकडे जाऊ शकते. अनेक राज्यांत ते आधी व्हर्च्युअल कोर्टात (ऑनलाइन चालणाऱ्या न्यायालयात) जाते. तेथे वाहन क्रमांक, चलान क्रमांक किंवा मोबाईल क्रमांकाने आपले प्रकरण शोधता येते, न्यायालयाने प्रस्तावित केलेला दंड दिसतो आणि दोन पर्याय मिळतात: दंड भरून प्रकरण निकाली काढणे किंवा ते लढवण्याची इच्छा नोंदवणे. पहिल्या पर्यायात घर सोडावे लागत नाही. दुसरा पर्याय निवडल्यावर प्रकरण संबंधित क्षेत्राच्या नियमित न्यायालयाकडे जाते, आणि फौजदारी प्रकरण सर्वसाधारणपणे गुन्हा जेथे घडला तेथील न्यायालयात चालते. म्हणजेच निपाणीजवळ झालेल्या चलानासाठी कराडच्या किंवा मिरजेच्या न्यायालयात दाद मागता येत नाही. हा पर्याय निवडण्यापूर्वी प्रवासाचा, वकिलाचा आणि बुडणाऱ्या दिवसांचा हिशेब मांडावा.

समन्स आले तर ते कधीही परत पाठवू नये. हे प्रकरण संक्षिप्त पद्धतीने चालवताना वकिलामार्फत हजर राहण्याचा किंवा गुन्हा कबूल करून नमूद केलेली रक्कम ठरलेल्या तारखेपूर्वी भरण्याचा पर्याय समन्समध्ये देण्याची तरतूद कलम २०८ मध्ये आहे, त्यामुळे समन्सचा मजकूर पूर्ण वाचावा. तो कन्नडमध्ये असेल तर जाणकाराकडून समजून घ्यावा. जत तालुक्यात आणि मिरजेच्या पूर्व भागात कन्नड वाचणारी माणसे सहज सापडतात. वकील शक्यतो त्याच तालुक्यातील न्यायालयात काम करणारा पाहावा. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. सांगली आणि सातारा येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी केल्यास परराज्यातील प्राधिकरणाकडे अर्ज कसा करावा हे समजते.

काही जण कालमर्यादेचा मुद्दा सुचवतात. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यासाठी सहा महिन्यांची मर्यादा फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आहे, हे बरोबर आहे. परंतु तो मुद्दा न्यायालयापुढे वकिलाने मांडायचा असतो. त्याच्या भरवशावर घरी बसून राहिल्यास चलान संकेतस्थळावर आपोआप पुसले जात नाही.

लायसन्स परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवले गेले असेल तर कलम १९ नुसार पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांची अपात्रता आणि पुन्हा गुन्हा केल्यास लायसन्स रद्द होणे, असे परिणाम होऊ शकतात. मात्र आदेशापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. ती नोटीस लायसन्सवरील पत्त्यावर येते, म्हणून पत्ता जुना असेल तर सुनावणी आपल्या गैरहजेरीतच होऊन जाते.

गाडी दुसरा चालवत असेल, भाड्याची असेल किंवा विकलेली असेल

कॅमेऱ्याचे चलान नोंदणीकृत मालकाला येते. पाहुण्याने किंवा मित्राने गाडी नेली होती तर आपापसांत विचारून घ्यावे; पोलिसांनी चालकाची माहिती मागितल्यास ती देणे कलम १३३ नुसार मालकाचे कर्तव्य आहे. द्राक्षे, बेदाणा, हळद किंवा गूळ घेऊन दक्षिणेकडे जाणाऱ्या ट्रकच्या मालकांनी एक गोष्ट ओळखून असावी: नोकरीतील चालकाला मर्यादेपेक्षा जास्त वेगाने गाडी चालवायला लावणे हा कलम १८३ खाली मालकाचाही गुन्हा आहे. पहाटेच्या बाजाराला माल पोहोचलाच पाहिजे अशी सक्ती करून नंतर चलानाची रक्कम चालकाच्या पगारातून कापणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे, आणि तो थांबला पाहिजे. गोव्यात भाड्याने घेतलेल्या गाडीचे चलान गाडीमालकाकडे जाते, म्हणून गाडी परत करताना चलान प्रलंबित नसल्याचे त्याच्यासमोर संकेतस्थळावर पाहून अनामत रक्कम परत घ्यावी.

गाडी विकली तरी नावावरून उतरली नसेल तर चलान जुन्या मालकालाच येत राहते. कलम ५० नुसार विक्रेत्याने त्याच राज्यातील विक्रीची माहिती १४ दिवसांत आरटीओला कळवायची असते, आणि दुसऱ्या राज्यातील विक्रीसाठी ही मुदत ४५ दिवस आहे. फॉर्म २९ आणि ३० वर केवळ सह्या करून कोरे कागद एजंटाच्या हाती सोपवणे पुरेसे नाही. आरसीवर नाव बदलले का हे स्वतः पाहावे. गलाई व्यवसायातील ज्या कुटुंबांची गाडी गावाकडच्या पत्त्यावर नोंदलेली असून बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेली आहे, त्यांनी कलम ४७ नुसार तेथील नोंदणी क्रमांक घेणे आवश्यक आहे. नाहीतर नोटीस आटपाडीच्या घरी येते आणि गाडी कोइमतूरला फिरत राहते.

निघण्यापूर्वी आणि परतल्यावर

‘वाहन’ आणि ‘सारथी’ या दोन्ही प्रणालींत आपला सध्याचा मोबाईल क्रमांक नोंदलेला आहे का, हे आजच तपासावे. जुन्या गाड्यांच्या नोंदीत बहुधा एजंटाचा किंवा शोरूमचा क्रमांक असतो, आणि मग चलानाचा संदेश तिकडेच जातो व मालकाला वर्षभर पत्ता लागत नाही. हा बदल परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरून आधारच्या पडताळणीने करता येतो; नावात किंवा जन्मतारखेत फरक असल्यामुळे तो अडला तर सांगली, सातारा किंवा कराडच्या आरटीओ कार्यालयात आरसी आणि आधार घेऊन जावे. परराज्यातून परतल्यावर साधारण पंधरा दिवसांनी आणि पुन्हा महिन्याभराने वाहन क्रमांक टाकून चलान तपासावे, कारण कॅमेऱ्याचे चलान त्याच दिवशी संकेतस्थळावर येईल असे नाही. प्रवासातील फास्टॅगचे विवरणपत्र तोपर्यंत काढून ठेवावे, आणि भरलेल्या प्रत्येक चलानाची पावती आरसीच्या प्रतीसोबत एकाच पाकिटात ठेवावी. गाडी विकताना किंवा परमिटच्या नूतनीकरणाला तीच मागितली जाते.